हेड उतरवण्याआधी

दोघांनी आधीच सांगून टाकलं होतं फिलोमिनाबाईंना:
हेड गॅसकेट गेलं.
एकाने तर केबिनसुद्धा उचलली नव्हती,
नुसता सायलेन्सर हुंगून साठ हजार म्हणाला.
त्या वसईहून आल्या होत्या,
पर्समध्ये नवऱ्याच्या सहीच्या जुन्या पावत्या
आणि एकच प्रश्न, हो की नाही.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला भर दुपारी
हो आणि नाही, दोन्ही महाग.
मी म्हटलं, आधी थंड होऊ द्या.
त्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणतोय.

चहा येईपर्यंत गाडीखाली पडून पाहिलं.
पाण्याचा थेंब नाही कुठे.
आणि पाणी तर रोज जातंय,
इस्माईल ड्रायव्हर शपथेवर सांगतो,
पनवेलला घातलं, खोपोलीला घातलं,
घाट चढून वर गेल्यावर पुन्हा घातलं,
शेवटी पिण्याची बाटलीसुद्धा ओतली.

ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं.
ताकासारखं काही नाही. काळं ते काळंच.
धूर पाहिला. पांढरा नाही, गोडसर वासही नाही.
मग रेडिएटर उघडा ठेवून म्हटलं, मार सेल्फ.
इंजिन लागलं
आणि पाण्यात बुडबुडे,
आधण आल्यासारखे, एकाला लागून एक.

बाईंनी वाकून पाहिलं.
पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.

इथेच थांबतात सगळे.
इथेच मीही थांबलो होतो एकदा, याच शेडमध्ये,
गुरमेल उस्ताद गावी गेलेले असताना.
बुडबुडे दिसले की पाना लावला.
हेड उतरवलं तर गॅसकेट धडधाकट,
कुठे भाजल्याची रेघसुद्धा नाही.
तिरपुडे नावाचा मालक होता, गाडी एकच.
त्याने शिवी दिली नाही.
नऊ दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला,
हप्ता चुकला, मग आणखी एक चुकला,
गाडी फायनान्सवाल्यांनी नेली.
मजुरी मात्र त्याने पुरती दिली.
मी ती घेतली.

ते गॅसकेट अजून खिळ्याला टांगलंय.
उस्ताद परत आल्यावर एवढंच म्हणाले:
पाण्यात हवा होती ना?
मग कुणाची हवा, ते का नाही विचारलंस?

म्हणून आज अंगदला केबिनमध्ये बसवला.
ब्रेकच्या गेजवर बघ, काटा आठवर आला की ओरड.
मी पाण्यावर डोळा ठेवला.
सहा.
सात. बुडबुडे तसेच.
साडेसात.
मग खालून ती ओळखीची फिस्स,
हवेची टाकी भरल्याची,
आणि आठ! असं अंगद ओरडेस्तोवर
उशिराचे दोन बुडबुडे वर आले, फुटले,
पाणी निवलं.
इंजिन चालूच होतं.
रेडिएटरच्या तोंडात वरची वायर दिसली,
तिच्यावरचा कावळा, माझं नाक.

ब्रेक मार, म्हटलं. मारत राहा.
काटा पडला, कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागला,
बुडबुडे परत हजर.
टाकीचा कॉक सोडला तर
हवेबरोबर हिरवट पाणी, बोटाला बुळबुळीत.

मोठं हेड नाही बाई, मी म्हटलं,
हवेच्या कॉम्प्रेसरचं आहे. एवढंसं, नारळाएवढं.
नक्की?
पंधरा आणे.
उरलेला आणा उघडल्यावर सांगतो.
आणि ते दोघं?
त्यांनी बुडबुडे बरोबरच पाहिले, मी म्हटलं,
आणि दहा-बाराचा पाना शोधायला लागलो,
जो माझ्याच खिशात होता.

संध्याकाळ होईल, बसून घ्या.
त्या बाहेरच्या बाकड्याकडे निघाल्या.
तिथे नको, म्हटलं,
आणि आतून खुर्ची आणली.